चार वेळा खणलेली जमीन

ग्लास्टनबरी म्हटलं की आपल्याकडच्या तरुण मंडळींच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहतं. चिखलातले तंबू, पिरॅमिडच्या आकाराचा रंगमंच आणि गाण्यांवर डोलणारा अफाट जनसमुदाय. माझ्याही मनात तेच होतं. माझा भाचा ब्रिस्टलला नोकरीला आहे. त्याच्याकडे राहायला गेले असताना मी म्हटलं, "मला ते ग्लास्टनबरी दाखव रे एकदा." तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "मावशी, तो गाण्याचा मेळा ग्लास्टनबरीत भरतच नाही. तो भरतो पिल्टनला, एका शेतावर. गाव तिथून सहा मैलांवर आहे."

खरंच आहे. मायकल ईव्हिस नावाच्या एका दूधवाल्या शेतकऱ्यानं १९७० साली आपल्या वर्दी फार्मवर पहिला मेळा भरवला. तिकीट एक पौंड, आणि शेतावरचं दूध फुकट. त्या वर्षी मेळ्याच्या नावात पिल्टनच होतं. ग्लास्टनबरी आलं ते दुसऱ्या वर्षी. त्यात नवल कसलं? पिल्टनला कोण ओळखतं? ग्लास्टनबरी या नावाला मात्र आठशे वर्षांची पुण्याई चिकटलेली होती. ही पुण्याई गावानं कमावली कशी, तेच आज सांगायचं आहे.

या गावाला आगगाडी जात नाही. होती, ती १९६६ साली बंद झाली. आम्ही ब्रिस्टलहून वेल्स नावाच्या गावावरून बसनं गेलो. वेल्स सोडलं आणि रस्ता खाली सपाटीवर उतरला. दोन्ही बाजूंना हिरवीगार कुरणं, सरळ रेघा मारल्यासारखे पाण्याचे चर, चरांच्या काठानं छाटलेली विलोची झाडं. या पट्ट्याला सॉमरसेट लेव्हल्स म्हणतात. माणसानं चर खणून पाणी काढून टाकलं म्हणून ही कुरणं झाली. एरवी इथे दलदल होती, आणि अजूनही एखाद्या पावसाळी हिवाळ्यात पाणी आपली जुनी जागा परत मागायला येतं. या सपाटीच्या मधोमध एक टेकडी एकटीच उठलेली दिसते. उंची फक्त १५८ मीटर. आपल्या सह्याद्रीपुढे ती कुणाच्या खिजगणतीतही येणार नाही. पण आजूबाजूला काहीच नसल्यामुळे ती मैलोगणती लांबून दिसते. तिच्या डोक्यावर एक उघडाबोडका दगडी मनोरा. हीच ती ग्लास्टनबरी टॉर.

सकाळच्या धुक्यात खालची कुरणं झाकली जातात आणि टॉर तेवढी वर उरते, पांढऱ्या समुद्रातल्या बेटासारखी. ती पाहिली की ॲव्हलॉनची कथा इथेच का येऊन बसली ते वेगळं सांगावं लागत नाही. ॲव्हलॉन म्हणजे सफरचंदांचं बेट. शेवटच्या लढाईत घायाळ झालेल्या आर्थर राजाला तिथे नेलं, आणि तो मेला नाही, एक दिवस परत येणार आहे, अशी ब्रिटनच्या जुन्या लोकांची, विशेषतः वेल्स देशातल्या लोकांची श्रद्धा होती.

आता गंमत ऐका. माम्सबरीचा विल्यम नावाचा एक मोठा इतिहासकार होता. त्यानं ११२५च्या सुमारास स्वच्छ लिहून ठेवलं की आर्थरची कबर कुठेच दिसत नाही. हा विल्यम काही परका नव्हता. ग्लास्टनबरीच्या मठाचा इतिहास पुढे त्यानंच लिहिला. म्हणजे मठात आर्थर पुरला आहे अशी नुसती कुजबुज जरी असती तरी ती त्याच्या कानावर आली असती.

मग ११८४ साल उजाडलं. २५ मे या दिवशी मठाला आग लागली. जुनं लाकडी देऊळ, ग्रंथ, संतांच्या अस्थी, ज्यांच्या दर्शनाला यात्रेकरू येत ते सगळं जळालं. दुसऱ्या हेन्री राजानं पुन्हा बांधायला पैसा दिला, पण ११८९ साली तो वारला. त्याच्या मुलाचं, रिचर्डचं, सगळं लक्ष धर्मयुद्धाकडे. तिजोरी तिकडे वाहू लागली. अर्धवट भिंती, हाताशी पैसा नाही, आणि दर्शनाला ठेवावं असंही फारसं काही नाही. आपल्याकडच्या कुठल्याही देवस्थानाच्या पंचांना विचारा, या अवस्थेत रात्री झोप लागते का!

११९१ साली मठवासी साधूंनी कबरस्तानात दोन जुन्या दगडी खांबांच्या मधली जागा खणायला घेतली. खड्ड्याभोवती म्हणे पडदे लावले होते. खूप खोल गेल्यावर ओक वृक्षाचं पोखरलेलं खोड लागलं. त्यात एका धिप्पाड पुरुषाची हाडं, आणि शेजारी बाईची. सोबत शिशाचा क्रूस. त्यावर लॅटिनमध्ये कोरलेलं की हा इथे पुरलेला विख्यात राजा आर्थर, आणि हे ॲव्हलॉन बेट. नाव, गाव, पत्ता, सगळं एका पत्र्यावर. जेराल्ड ऑफ वेल्स हा लेखक थोड्याच दिवसांत तिथे जाऊन आला. त्यानं लिहिलंय की नडगीचं हाड तिथल्या सगळ्यांत उंच माणसाच्या पायाशी लावून पाहिलं तर ते त्याच्या गुडघ्याच्याही वर गेलं. बाईच्या सोनेरी केसांची बट अगदी ताजी दिसत होती. एका साधूनं ती उचलायला हात घातला, आणि तिची माती झाली.

ही झाली पहिली खोदाई. मठाला यात्रेकरू हवे होते, आणि सापडले कोण, तर ज्याच्या दर्शनाला अख्खा देश लोटेल तो. राजालाही ते सोयीचंच होतं. आर्थर परत येईल या आशेवर वेल्सवाले इंग्रजांना दाद देत नव्हते. ज्याची हाडं मोजून झाली तो परत कसा येणार? म्हणून १२७८ साली, वेल्सशी लढायांच्या काळात, पहिला एडवर्ड राजा आपल्या राणीला घेऊन मुद्दाम इथे आला. ती हाडं समारंभानं काळ्या संगमरवरी थडग्यात ठेवली गेली, मुख्य वेदीच्या समोर. आदर म्हणावा, की मेल्याची खात्री म्हणावी?

आर्थर आला आणि त्याच्या मागोमाग दुसरा पाहुणाही आला. अरिमथियाचा जोसेफ. ज्यानं येशूचं कलेवर आपल्या कबरीत ठेवलं तो. १२००च्या सुमारास रोबेर द बोरों या फ्रेंच कवीनं या जोसेफची सांगड ग्रेल नावाच्या पवित्र पेल्याशी घातली. पुढे तेराव्या शतकाच्या मध्यावर ग्लास्टनबरीच्या साधूंनी विल्यमच्याच जुन्या इतिहासात जोसेफचं प्रकरण घुसडलं. इतिहासकार बिचारा शंभर वर्षांपूर्वी निवर्तला होता, तक्रार करायला येणार नव्हता. स्थलपुराणं अशीच वाढतात. मूळ पोथी एकाची, अध्याय दुसऱ्याचा, फलश्रुती तिसऱ्याची.

पुण्याईबरोबर संपत्तीही आली. सोळाव्या शतकात लंडनच्या वेस्टमिन्स्टरच्या खालोखाल श्रीमंत मठ इथला होता. आणि आठव्या हेन्रीला पैसा हवा होता. त्यानं देशातले मठ एकेक करून बरखास्त केले. सॉमरसेटमधला शेवटचा मठ हाच. मठाधिपती रिचर्ड व्हायटिंग वयानं थकलेला, पण मठ सोडायला तयार होईना. मठातली भांडीकुंडी, सोनंनाणं लपवलं, म्हणजे देवाच्याच घरी चोरी केली, असा त्याच्यावर आरोप ठेवला गेला. निकाल आधीच ठरला होता. १५ नोव्हेंबर १५३९ रोजी या म्हाताऱ्याला टॉरवर नेऊन आणखी दोन साधूंबरोबर फाशी दिलं. मुंडकं मठाच्या वेशीवर टांगलं, आणि धडाचे चार तुकडे चार गावांना पाठवले.

टॉरवर जाऊन उभं राहिलं की वारा कान बधिर करतो. मनोऱ्याला छप्पर नाही. खालून आत शिरायचं आणि मान वर करायची, की चौकोनी आभाळ दिसतं. तिथलं मूळ देऊळ १२७५ सालच्या भूकंपात पडलं, नंतर बांधलेल्या देवळाचा फक्त हा मनोरा उरला. आम्ही गेलो तेव्हा आत एक मुलगी एकटीच मांडी घालून बसली होती आणि एक लहानसा वाडगा लाकडी दांडीनं वाजवत होती. दगडांत तो नाद घुमत होता. भाचा मला हळूच म्हणाला, "मावशी, त्या म्हाताऱ्याचं तिला ठाऊक असेल का गं?" मी म्हटलं, "असेलही. आपण कुठे विचारलं?"

गावात उतरून मठ पाहायला गेलो. छत्तीस एकरांची हिरवळ, आणि तिच्यावर इथेतिथे उभे भिंतींचे सुळके. मठ बरखास्त झाल्यावर तो गावाची दगडखाणच झाला. ज्याला घर बांधायचं त्यानं इथून दगड न्यायचे. गावातल्या कितीतरी भिंतींत आज देवळाचे दगड आहेत. एकच इमारत छपरासकट शाबूत राहिली, आणि ती म्हणजे मठाधिपतीचं स्वयंपाकघर. चौदाव्या शतकातलं. बाहेरून छप्पर अष्टकोनी, आतून खोली चौकोनी, चार कोपऱ्यांत चार भल्यामोठ्या चुली, आणि सगळा धूर वर मधोमध असलेल्या झरोक्याकडे जाईल अशी रचना. मी चुलीत वाकून वर पाहिलं. धुराड्याचा दगड अजून काळा होता. वेदी गेली, राजाचं थडगं गेलं, चूल मात्र राहिली.

आता दुसरी खोदाई. ही मला सगळ्यांत आवडते. १९०७ साली मठाची जागा लिलावात निघाली आणि पुढे चर्चच्या ताब्यात आली. १९०८मध्ये उत्खननाची जबाबदारी फ्रेडरिक ब्लाय बाँड या वास्तुतज्ज्ञाकडे दिली गेली. चर्चच्या जुन्या इमारतींचा तो गाढा अभ्यासक, कचेरी ब्रिस्टलमध्ये. त्यानं चर्चला एक गोष्ट सांगितली नव्हती. हा बाँड आणि त्याचा मित्र कॅप्टन बार्टलेट १९०७पासूनच एक उद्योग करत होते. बार्टलेटनं कागदावर पेन्सिल धरायची, बाँडनं त्याच्या हातावर आपली बोटं टेकवायची, आणि प्रश्न विचारायचे. पेन्सिल आपोआप चालायची. आपल्याकडे आजोबांच्या पिढीत प्लँचेट करत, त्याच जातीतला प्रकार. उत्तर कोण देत होतं? त्या मठातले शेकडो वर्षांपूर्वी मेलेले साधू. मोडक्यातोडक्या लॅटिनमध्ये आणि जुनाट इंग्रजीत ते सांगत की अमुक ठिकाणी खण, पूर्वेच्या टोकाला एडगर राजाचं देवघर होतं. बाँडनं खणलं, आणि पाया सापडला!

दहा वर्षं तो गप्प राहिला. १९१८ साली त्यानं पुस्तक लिहून हे सारं जाहीर केलं. चर्चवाल्यांची काय अवस्था झाली असेल, कल्पना करा. काही वर्षांतच बाँडला काढून टाकलं. शंकेखोरांचं म्हणणं असं की त्या देवघराचा उल्लेख जुन्या लेखनात होताच, आणि बाँडनं ते सगळं वाचलेलं होतं. पेन्सिलीतून बोलत होतं ते त्याचंच वाचन. ते खरं असेलही. पण मला त्या दोघांचं चित्र सोडत नाही. दोन प्रौढ माणसं ब्रिस्टलच्या एका कचेरीत दिवसाढवळ्या एकमेकांच्या हातावर हात ठेवून बसलीत आणि मेलेल्यांना नकाशा विचारताहेत. बाँडला मठाशी बोलायचं होतं. मठ बोलला.

तिसरी खोदाई १९५० आणि ६०च्या दशकांत. रॅले रॅडफर्ड हे नामवंत पुरातत्त्वज्ञ. इथे ना पडदे, ना पेन्सिल. सगळं शास्त्रशुद्ध. त्यांनी साधूंनी सांगितलेली जागा शोधली, आणि तिथे खरोखरच जुना खड्डा लागला. साधूंनी ११९१मध्ये खणलं ते इथेच, असं त्यांनी जाहीर केलं. रॅडफर्ड यांचा आर्थरवर विश्वास होता.

चौथ्या खोदाईत कुदळ फारशी लागलीच नाही. रेडिंग विद्यापीठाच्या रॉबर्टा गिलख्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०४ ते १९७९ या काळातल्या सगळ्या उत्खननांच्या वह्या, आराखडे, खोक्यांत पडलेली खापरं पुन्हा काढली आणि एकेक तपासली. २०१५ साली निष्कर्ष आले. आर्थरच्या खड्ड्यातली माती आणि वस्तू अकराव्या ते पंधराव्या शतकांतल्या. राजाचा त्यात काही संबंध दिसत नाही. आणि आगीनंतर साधूंनी नवं देऊळ बांधलं ते मुद्दाम जुन्या धाटणीचं, पाहणाऱ्याला पुरातन वाटावं म्हणून.

पण त्याच खोक्यांत आणखी काही निघालं. मातीच्या रांजणांचे थोडे तुकडे, पाचव्या-सहाव्या शतकातले. पूर्व भूमध्य समुद्राकडून असल्या रांजणांतून दारू आणि तेल येत असे. शिवाय सातव्या शतकाच्या अखेरच्या काच बनवण्याच्या पाच भट्ट्या. म्हणजे आर्थर जगला असेल तर ज्या काळात जगला, नेमक्या त्याच काळात इथे माणसं राहत होती, आणि समुद्रापलीकडची दारू पीत होती. हे तुकडे कुणी शोधायला गेलं नव्हतं. ते इतकी वर्षं खोक्यांत निमूटपणे पडून होते.

याहूनही जुनं काही या दलदलीत आहे. गावापासून काही मैलांवर पीट नावाची काळी कुजकी माती काढताना १९७० साली रे स्वीट या कामगाराला एक फळी लागली. ती निघाली एका पायवाटेची. दलदलीत खुंट ठोकून त्यांवर ओकच्या फळ्या टाकलेल्या. झाडांच्या वलयांवरून तारीख काढली तर ती निघाली इसवी सनापूर्वी ३८०७ किंवा ३८०६. गिझाच्या पिरॅमिडांहून हजाराहून अधिक वर्षं जुनी. या वाटेच्या कडेला आल्प्स पर्वतातून आणलेली हिरव्या दगडाची एक गुळगुळीत कुऱ्हाड ठेवलेली सापडली. पडली की कुणी वाहिली, कोण सांगणार? या वाटेबद्दल एकही कथा नव्हती. तिच्यावरून चालणाऱ्यांची आठवणच पुसली गेली होती.

आणि काटेरी झाडाची कथा राहिलीच की! वेरीऑल टेकडीवर दमूनभागून बसलेल्या जोसेफनं आपली काठी जमिनीत रोवली आणि तिला पालवी फुटली, अशी ही आख्यायिका. झाड खरं आहे. हॉथॉर्नचीच एक जात, वर्षातून दोनदा फुलते, एकदा वसंतात आणि एकदा ऐन थंडीत, नाताळच्या सुमाराला. यादवी युद्धात कट्टर प्युरिटनांनी जुनं झाड तोडलं, पण लोकांनी कलमं जपून ठेवली होती. १७५२ साली इंग्लंडनं पंचांग बदललं, सप्टेंबरमधले अकरा दिवस उडवले. मग नाताळ खरा कोणता, सरकारचा की आपला? लोक झाडापाशी जमले, जणू कौल लावायला. नव्या नाताळला एकही फूल नाही. त्या वेळच्या एका मासिकात बातमी आहे की जुन्या हिशोबाच्या नाताळला, ५ जानेवारीला, झाड फुललं. जुन्याला धरून बसलेल्यांना याहून मोठा साक्षीदार कुठला मिळणार? गावच्या झाडाची एक फुललेली डहाळी आजही नाताळात राजवाड्यावर जाते. ती शाळेतलं एखादं मूल कापतं. आणि २०१० साली कुणीतरी रात्रीतून टेकडीवरचं झाड छाटून टाकलं, तेव्हा गावातली माणसं रडली.

संध्याकाळी टॉरच्या पायथ्याशी गेलो. तिथे दोन झरे आहेत, मध्ये एका गल्लीएवढं अंतर. एक लाल, एक पांढरा. लाल झरा चॅलिस वेलच्या बागेत आहे. सिंहाच्या मुखातून पाण्याची धार पडते, शेजारी पेले ठेवलेले. जोसेफनं ग्रेल इथे पुरला आणि पाण्याला रक्ताचा रंग आला, असं म्हणतात. मी प्याले. थंडगार, आणि जिभेवर लोखंडाची चव, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यासारखी. धार जिथे पडते तिथला दगड तांबूस झालाय, जुन्या नळाखाली मोरीत पडतो तसा डाग. पाण्यात लोह आहे, हवा लागली की गंज चढतो. पांढऱ्या झऱ्यात चुना आहे. तिथे रस्त्यालगतच्या नळावर एक आजीबाई प्लास्टिकचे कॅन ओळीनं मांडून भरत होत्या. भाच्यानं कौतुकानं विचारलं, हे पाणी औषधी आहे का? त्या म्हणाल्या, "चहाला बरं असतं."

परतीच्या बसमध्ये मी भाच्याला चारही खोदायांची गोष्ट सांगितली. म्हटलं, साधूंना राजा हवा होता, सापडला. बाँडला आवाज हवे होते, सापडले. रॅडफर्डना खड्डा हवा होता, सापडला. शोधलं नव्हतं ते तेवढं खोक्यात राहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "आणि तू? तूसुद्धा स्थलपुराण कसं रचतात हेच बघायला आली होतीस ना? तुलाही तेच सापडलं की गं."

मला उत्तर सुचलं नाही. मी पिशवीतली बाटली चाचपून पाहिली. लाल झऱ्याचं पाणी भरून घेतलं होतं. ती बाटली आज माझ्या घरी कपाटात आहे. तळाशी बोटभर तांबूस गाळ बसलाय. तो गंज आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. टाकून मात्र अजून दिलेली नाही.